हार्ट फेल्युअरमध्ये ‘सुजेची गोळी’ का चालत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईला चार वर्षांपासून हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडणे) आहे आणि औषधांवर तिची प्रकृती स्थिर आहे. गुडघे झिजल्यामुळे तिला चालताना फार त्रास होतो. पूर्वी ती डायक्लोफेनॅक हे दुखणे आणि दाह कमी करणारे औषध घेत असे, पण हृदयरोगतज्ज्ञांनी ते बंद केले. दरम्यान मुलाच्या वाचनात आले की हार्ट फेल्युअरमध्ये शरीरातला दाह (इन्फ्लमेशन) वाढलेला असतो आणि त्या दाहामुळे हृदय आणखी दुबळे होते. तसे असेल, तर दाह कमी करणारी गोळी हृदयाला उपकारकच ठरायला हवी. मग ती बंद का केली, आणि दुखण्यावर आता काय द्यावे?

प्रश्नातील दोन्ही विधाने खरी आहेत. हार्ट फेल्युअरमध्ये दाह वाढतो हे खरे, आणि डायक्लोफेनॅक दाह कमी करते हेही खरे. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो, आणि तो चुकतो तो हृदयात नव्हे, मूत्रपिंडात. म्हणून आधी मूत्रपिंडाबद्दल लिहितो. हृदयाच्या दाहाकडे नंतर वळू.

गोंधळाचे एक कारण आपल्या भाषेतही आहे. ‘सूज’ हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. घोटा मुरगळला की तो सुजतो. तेथे दाह असतो, कातडी लालसर होते, हात लावल्यास गरम लागते, दाबल्यास दुखते. हार्ट फेल्युअरमध्ये पाय सुजतात ते पाण्याने. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरावा आणि उचलावा. तेथे खळगा पडलेला दिसतो आणि तो सावकाश भरत जातो. ती जागा सहसा गरम नसते, लाल नसते आणि फारशी दुखतही नाही. पहिल्या सुजेवर जी गोळी चालते, तीच दुसरी सूज वाढवते. पाय सुजले म्हणून घरात उरलेली ‘सुजेची गोळी’ घेऊन तीन-चार दिवसांत दम लागलेल्या अवस्थेत आलेले रुग्ण मी एवढे पाहिले आहेत की, या एका शब्दाचा खुलासा मी प्रत्येक नव्या रुग्णाच्या घरच्यांना पहिल्याच भेटीत करतो.

माझ्याकडे नियमित येणारे एक गृहस्थ रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि न्याहारीच्या आधी, वजन करून वहीत नोंदवत. कित्येक महिने आकडा 64 किलोच्या आगेमागेच राहिला होता. एका भेटीत वहीच्या शेवटच्या पानावर पाच दिवसांचे आकडे होते: 64.2, 64.9, 65.5, 66.3, 67.0. तिसऱ्या रात्री त्यांनी उशाला दुसरी उशी घेतली होती, कारण आडवे पडले की श्वास कोंडत होता. मिठाचे पथ्य मोडले नव्हते, एकही गोळी चुकली नव्हती. नवीन औषध काही सुरू केले का, असे विचारल्यावर ते ठामपणे नाही म्हणाले. दात, डोके, कंबर असे एकेक करून विचारले, तेव्हा कळले की दाढ दुखत होती म्हणून दिवसातून दोनदा डायक्लोफेनॅक चालू होते. ते काही लपवत नव्हते. वेदनाशामक गोळी हे ‘औषध’ आहे असे त्यांना वाटतच नव्हते, आणि बहुतेकांना वाटत नाही. तेव्हापासून मी ‘कोणते औषध घेता’ असे न विचारता ‘कुठे काही दुखते का आणि दुखल्यावर काय घेता’ असे विचारतो.

आता या गोळीने आत नेमके काय घडते ते पाहू. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन ही सारी स्टेरॉइड नसलेल्या दाहशामकांच्या वर्गातली औषधे. ती सायक्लोऑक्सिजनेज नावाचे विकर (एन्झाइम) रोखतात आणि त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होणे कमी होते. दुखऱ्या सांध्यात प्रोस्टाग्लँडिन वेदना आणि दाह वाढवतात, म्हणून तेथे ती कमी झाली की आराम पडतो. मूत्रपिंडात मात्र त्यांचे काम वेगळेच आहे. रक्त गाळणाऱ्या गुच्छांकडे जी बारीक रक्तवाहिनी रक्त घेऊन येते, तिला रुंद ठेवणे आणि मीठ व पाणी लघवीवाटे बाहेर पडू देणे ही कामे ती तेथे करतात. निरोगी, भरपूर पाणी पिणाऱ्या तरुण माणसात या मदतीची गरज फारशी भासत नाही, आणि म्हणूनच त्याने दोन दिवस ती गोळी घेतली तरी सहसा काही बिघडत नाही.

हार्ट फेल्युअरमध्ये परिस्थिती उलट असते. हृदय कमी रक्त पुढे ढकलते, तेव्हा शरीर त्याचा अर्थ ‘रक्त कमी पडले’ असा लावते आणि अँजिओटेन्सिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन यांसारखे रक्तवाहिन्या आवळणारे संप्रेरक जास्त प्रमाणात सोडते. या आवळण्यापुढे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकून राहतो तो बऱ्याच अंशी प्रोस्टाग्लँडिनमुळे. तीव्र हार्ट फेल्युअरमध्ये, विशेषतः ज्यांच्या रक्तातले सोडियम कमी झाले आहे अशा रुग्णांत, हे अवलंबित्व किती मोठे असते ते 1984 सालीच दाखवले गेले होते. अशा वेळी गोळीने प्रोस्टाग्लँडिन काढून घेतली, तर आवळणारी ताकद तशीच राहते आणि तिला रोखणारा हात तेवढा निघून जातो. गाळण कमी होते, मीठ-पाणी साठते, रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब चढतो, आणि आधीच थकलेल्या हृदयाला वाढलेले पाणी वाढलेल्या दाबाविरुद्ध ढकलावे लागते.

त्यातच आईच्या रोजच्या औषधांशीही ही गोळी भांडते. फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड ही लघवी वाढवणारी औषधे मूत्रपिंडातल्या रक्तप्रवाहावर आणि काही अंशी प्रोस्टाग्लँडिनवरही विसंबून काम करतात; त्यांचा परिणाम बोथट होतो. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन किंवा सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ही औषधे गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करतात, तर दाहशामक गोळी आत आणणारी वाहिनी आवळते. एकीकडून आवक घटते आणि दुसरीकडून जावक वाढते, तेव्हा गाळणीतला दाब कोसळतो. लघवीची गोळी, रक्तदाबाच्या या वर्गातली गोळी आणि दाहशामक गोळी अशी तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचा धोका वाढतो, आणि तो पहिल्या महिन्यात सर्वाधिक असतो. सोबत स्पायरोनोलॅक्टोन हे पोटॅशियम शरीरात राखणारे औषध चालू असेल, तर रक्तातले पोटॅशियम चढते. वाढलेले पोटॅशियम बहुधा कोणतेही लक्षण दाखवत नाही आणि थेट हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते. मला या सर्वांत जास्त भीती वाटते ती याचीच, कारण वजन वहीत दिसते, पोटॅशियम दिसत नाही.

हे केवळ कागदावरचे तर्क नाहीत. 2000 साली ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात, आधीपासून हृदयविकार असलेल्या वृद्धांनी गेल्या आठवड्यात दाहशामक गोळी घेतली असेल, तर हार्ट फेल्युअरने रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता सुमारे दहापट आढळली. डेन्मार्कमध्ये हार्ट फेल्युअरसाठी प्रथमच दाखल होऊन घरी गेलेल्या 1 लाख 7 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना घरी गेल्यानंतर या वर्गातले एखादे औषध दिले गेले होते, आणि डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांतील मृत्यूचा धोका न घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होता. अशा निरीक्षणात्मक अभ्यासांना मर्यादा असतात; ज्याला जास्त दुखते तो मुळातच जास्त आजारी असू शकतो. परंतु 2013 साली अनेक चाचण्यांची माहिती एकत्र करून झालेल्या विश्लेषणात, म्हणजे जेथे गोळी कोणाला मिळणार हे चिठ्ठीने ठरले होते तेथेही, हार्ट फेल्युअरने दाखल होण्याचा धोका साधारण दुप्पटच निघाला, आणि हे उच्च मात्रेतील नॅप्रोक्सेन व आयबुप्रोफेन यांनाही लागू होते. युरोपातील 2021 च्या आणि अमेरिकेतील 2022 च्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच हार्ट फेल्युअरमध्ये ही औषधे टाळावीत असे स्पष्ट शब्दांत सांगतात.

‘पोटाला न बाधणारी’ म्हणून दिली जाणारी सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब ही औषधे तरी चालतील का, हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. चालत नाहीत. ती ज्या उपप्रकाराचे विकर रोखतात, ते विकर मूत्रपिंडात कोणताही दाह नसतानाही कामावर असते; त्यामुळे पोट वाचले तरी मूत्रपिंड वाचत नाही. याच वर्गातील रोफेकॉक्सिब हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढवत असल्यामुळे सप्टेंबर 2004 मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले होते.

आता हृदयाला दुबळे करणाऱ्या दाहाच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो खरोखर महत्त्वाचा आहे. तीव्र हार्ट फेल्युअर असलेल्यांच्या रक्तात टीएनएफ हा दाह पेटवणारा रेणू वाढलेला असतो, विशेषतः जे रुग्ण खंगत चालले आहेत त्यांच्यात, हे 1990 साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर प्राण्यांवरील प्रयोगांत हा रेणू हृदयाच्या स्नायूला थेट दुबळे करतो हे दिसले, आणि तर्क अगदी सरळ वाटला: टीएनएफ अडवा, हृदय सुधारेल. संधिवातासाठी वापरली जाणारी इटानरसेप्ट आणि इन्फ्लिक्सिमॅब ही टीएनएफ अडवणारी औषधे हाताशी होतीच. इटानरसेप्टच्या मोठ्या चाचण्या 2001 साली मध्येच थांबवाव्या लागल्या, कारण फायदा होण्याची चिन्हे नव्हती. इन्फ्लिक्सिमॅबच्या चाचणीत 150 रुग्ण होते; अधिक मात्रा मिळालेल्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरने दाखल होण्याचे प्रमाण उलट वाढले. ज्या औषधाने आयुष्य वाढेल असे वाटले होते, त्याच्या माहितीपत्रकात आज मध्यम ते तीव्र हार्ट फेल्युअरमध्ये अधिक मात्रा देऊ नये असे लिहिलेले आहे.

हे निकाल आले तेव्हाची निराशा मला आजही आठवते, आणि त्यातून मी एक भेद शिकलो. रक्तात एखादी गोष्ट वाढलेली दिसली म्हणजे तीच रोगाचे मूळ असते असे नाही. हार्ट फेल्युअरमध्ये आतड्याच्या भिंतीतही पाणी साठते, ती भिंत सैल होते आणि जंतूंचे अंश रक्तात शिरून दाह पेटवतात. म्हणजे दाहाचा काही भाग रोगाचा परिणाम असतो. शिवाय थोड्या प्रमाणातला दाह इजा झालेल्या स्नायूच्या दुरुस्तीसाठी लागतोही. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे दाहही कमी करतात म्हणून त्यांच्याकडूनही आशा होती. 2007 सालच्या चाचणीत सुमारे 5,000 वृद्ध रुग्णांना रोसुव्हास्टॅटिन दिले गेले, दाहाचा निर्देशांक असलेले सीआरपी उतरले, पण मुख्य निष्कर्षात हृदयाच्या दृष्टीने ठोस लाभ दिसला नाही. कोल्चिसिन या गाउटवरील औषधाबाबतही स्थिर हार्ट फेल्युअरमधील एका लहान चाचणीत असेच घडले: सीआरपी कमी झाले, रुग्णाची चालण्याची क्षमता सुधारली नाही. अपवाद म्हणता येईल असा निकाल कॅनाकिनुमॅबचा आहे. हे औषध इंटरल्यूकिन-1-बीटा हा दाह पेटवणारा रेणू अडवते, आणि पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, सीआरपी वाढलेल्या 10,000 हून अधिक लोकांच्या चाचणीत मात्रेनुसार हार्ट फेल्युअरने दाखल होण्याचे प्रमाण घटलेले दिसले. मात्र त्याच चाचणीत जीवघेण्या संसर्गांचे प्रमाण वाढलेलेही होते. दाह हे लक्ष्य म्हणून संशोधन संपलेले नाही, आणि संपू नये. पण आज आईच्या हृदयासाठी दाहशामक म्हणून लिहून देण्याजोगे एकही औषध नाही. आणि डायक्लोफेनॅक तर या रांगेत कधीच नव्हते. ते दाहाचा जो मार्ग रोखते तो टीएनएफ किंवा इंटरल्यूकिनचा नव्हे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ज्यांना आमवात आहे आणि त्यासाठी मेथोट्रेक्सेट किंवा इटानरसेप्टसारखे एखादे जैविक औषध चालू आहे, त्यांनी हे वाचून ते परस्पर बंद करू नये. अनियंत्रित आमवात स्वतःच हृदयाला घातक असतो. हार्ट फेल्युअर असल्यास टीएनएफ अडवणाऱ्या औषधाऐवजी दुसरे निवडता येते का, हे संधिवाततज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे असते. तसेच 75 मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन ही रक्त गोठू नये म्हणून दिलेली असते. झटका, स्टेंट किंवा बायपास यासाठी ती सुरू असेल, तर ती चालूच ठेवावी. उलट आयबुप्रोफेन त्याच अ‍ॅस्पिरिनच्या कामात अडथळा आणते, हे ते टाळण्याचे आणखी एक कारण आहे.

आता गुडघ्यांबद्दल. झिजलेल्या गुडघ्याच्या दुखण्यात दाहापेक्षा स्नायूंच्या अशक्तपणाचा वाटा पुष्कळदा मोठा असतो, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम हा मला सर्वांत विश्वासाचा उपाय वाटतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा आणि सावकाश खाली आणायचा. दिवसातून दोनदा, प्रत्येक पायाने दहा वेळा. स्थिर हार्ट फेल्युअरमध्ये हा व्यायाम सहसा सुरक्षित असतो, तरी सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावी. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात.

औषधांत पॅरासिटामॉल पहिले. 500 मिलिग्रॅमची गोळी गरजेनुसार घ्यावी. दिवसाची कमाल मात्रा वय, वजन आणि यकृताची स्थिती पाहून डॉक्टरांनी ठरवावी. दोन बारकावे लक्षात ठेवावेत. पाण्यात विरघळून फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम भरपूर असते, एकेका गोळीत 400 मिलिग्रॅमच्या आसपास. जेवणातले मीठ मोजणाऱ्या रुग्णाने त्या घेऊ नयेत. आणि रोज पूर्ण मात्रेत, म्हणजे 4 ग्रॅम, सलग घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो असे 2022 सालच्या एका अभ्यासात दिसले आहे. म्हणून पॅरासिटामॉलही ‘निर्धोक’ समजून सतत चालू ठेवू नये. डायक्लोफेनॅकचे मलम किंवा जेल गुडघ्याला लावल्यास रक्तात पोहोचणारा अंश गोळीच्या तुलनेत फार थोडा, साधारण सहा टक्के असतो. मूत्रपिंड ठीक असेल, तर एका-दोन सांध्यांवर थोडे दिवस मी ते लावू देतो. अंगभर चोळण्यासाठी नव्हे.

याने भागले नाही तर सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन हा पर्याय आहे. मधुमेह असल्यास त्यानंतर काही दिवस साखर चढते, एवढे लक्षात ठेवावे. तोंडाने घ्यायचे स्टेरॉइड मीठ-पाणी साठवते, म्हणून गुडघ्याच्या झिजेसाठी ते नको. ट्रॅमाडॉल कमी मात्रेत देता येते, पण वृद्धांत चक्कर आणि बद्धकोष्ठता होते. प्रीगॅबॅलिनने पायांवर पाणी येते आणि हार्ट फेल्युअर बिघडल्याची नोंद आहे. ते ‘नसांची गोळी’ म्हणून सहज दिले जाते, म्हणून त्याचे नाव मुद्दाम घेतो. आणि गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया हार्ट फेल्युअर आहे एवढ्याच कारणाने कायमची बाद ठरत नाही. प्रकृती कित्येक महिने स्थिर असलेल्या रुग्णांत ती पूर्वतयारीने करता येते.

दुखणे अचानक उठले, सांधा लालबुंद झाला आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसेनासा झाला, तर ते झिजेचे नसून गाउटचे (सांध्यात यूरिक अ‍ॅसिडचे कण साठून होणाऱ्या संधिवाताचे) असू शकते. लघवीच्या गोळ्यांनी यूरिक अ‍ॅसिड वाढते, त्यामुळे हार्ट फेल्युअरमध्ये गाउट वारंवार दिसतो. तेथे कमी मात्रेतील कोल्चिसिन उपयोगी पडते. ते पाणी साठवत नाही, पण मूत्रपिंड मंदावलेले असेल तर मात्रा कमी करावी लागते, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक सोबत असेल तर त्याची विषबाधा होऊ शकते. ते न चालणाऱ्यांना तीन ते पाच दिवस प्रेडनिसोलोन हे तोंडाने घ्यायचे स्टेरॉइड दिले जाते. त्या दिवसांत वजन रोज पाहावे लागते.

घरी पाळायची सर्वांत उपयोगी सवय म्हणजे पाकिटामागचे घटक वाचणे. ब्रँडची नावे हजारो आहेत, घटक मोजके. घटकाच्या नावाचा शेवट ‘क्लोफेनॅक’, ‘प्रोफेन’, ‘ऑक्सिकॅम’ किंवा ‘कॉक्सिब’ असा असेल, तर ती गोळी आईसाठी नाही. पॅरासिटामॉलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत एसिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मिसळलेले असते, आणि सर्दी-तापाच्या काही गोळ्यांत त्याच्या जोडीला रक्तदाब वाढवणारे स्यूडोएफेड्रिनही असते. दंतवैद्याकडे, अस्थिरोगतज्ज्ञाकडे किंवा कोणत्याही लहान शस्त्रक्रियेआधी ‘हार्ट फेल्युअर आहे, दाहशामक गोळी किंवा इंजेक्शन चालत नाही’ असे स्वतःहून सांगावे. विचारले जाईल म्हणून थांबू नये.

चुकून एखादी गोळी घेतली गेलीच, तर घाबरण्याचे कारण नाही. पुढची घेऊ नये आणि लघवीची गोळी स्वतःच्या मनाने वाढवू नये. चार-पाच दिवस वजन, पायांची सूज आणि लघवीचे प्रमाण पाहावे. किती दिवस लक्ष ठेवायचे हे औषधावरही अवलंबून असते: डायक्लोफेनॅक काही तासांत शरीरातून निघून जाते, पिरॉक्सिकॅमला कित्येक दिवस लागतात. अनेक दिवस गोळी चालू राहिली असेल, तर त्रास नसला तरी रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा), सोडियम आणि पोटॅशियम लगेच तपासून घ्यावे. तीन दिवसांत वजन दोन किलोंहून जास्त वाढले, आडवे पडल्यावर दम लागू लागला, लघवी एकदम कमी झाली किंवा छातीत धडधड होऊन भोवळ आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि जाताना वजनाची वही व घेतलेल्या गोळीचे पाकीट सोबत न्यावे.